बर्फातली गाडी आणि ड्रायव्हरचा नकार

जळकोटला बर्फ पडत नाही. पडल्याच तर गारा पडतात. 2014 सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली ती आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही. हाताशी आलेली ज्वारी, हरभरा, गहू आडवा झाला आणि कित्येक ठिकाणी शेते नि रस्ते काही वेळ पांढरेफटक दिसत होते. त्या वेळी ज्यांनी गारांच्या थरावरून मोटारसायकल किंवा जीप नेली, त्यांना ब्रेक दाबूनही गाडी पुढेच जाते म्हणजे काय, याचा थोडासा अनुभव आला असेल. हिमालयात आणि परदेशातल्या थंड मुलखात हा अनुभव घटकाभराचा नसतो, महिनोन्‌महिन्यांचा असतो.

मग जळकोटच्या माणसाला बर्फातल्या ड्रायव्हिंगशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. देणेघेणे आहे. आमच्या वस्त्यांतली कितीतरी मुले आज दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. कोणी पुण्या-मुंबईत टॅक्सी चालवतो, कोणी सहलीच्या गाडीवर आहे, कोणी फौजेत आहे. शिकलेली काही मुले-मुली नोकरीनिमित्त जर्मनी, कॅनडा, अमेरिकेत गेली आहेत. नाताळाच्या सुट्टीत सहलीची गाडी कुलू-मनालीला निघाली की स्टेअरिंगवर बसलेला मुलगा बहुधा असा असतो, ज्याने जन्मात बर्फ पाहिलेला नाही. मागे बसलेल्यांसाठी बर्फ म्हणजे गंमत. पुढे बसलेल्यासाठी ती जोखीम आहे, आणि त्या जोखमीचे शिक्षण त्याला कोणी दिलेले नसते.

2024 सालच्या डिसेंबरअखेर आमच्या ओळखीचा असाच एक तरुण एका कुटुंबाला सात आसनी गाडीतून मनालीला घेऊन गेला होता. जळकोटपासून सुमारे दोन हजार किलोमीटरचा प्रवास. परत आल्यावर तो आमच्याकडे आला. जयभीम झाला, चहा झाला, आणि मग म्हणाला, "काका, यंदा माझ्या पैशाला कात्री लागली. पण मी चुकलो का, एवढं तुम्ही सांगा." त्याची हकीकत आम्ही शेवटी देतो. आधी बर्फाचा हिशेब समजून घेऊ, म्हणजे तो चुकला की नाही हे वाचकांनाच ठरवता येईल.

ब्रेकचा हिशेब

आम्ही कॉमर्सचे, त्यामुळे हिशेबाने बोललेले बरे. गाडी थांबते ती ब्रेकमुळे, असे आपण म्हणतो. खरे म्हणजे ब्रेक फक्त चाक थांबवतो. गाडी थांबवते ती टायर आणि रस्ता यांच्यातली पकड. कोरड्या डांबरी रस्त्यावर ही पकड जेवढी असते, तिच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी ती दाबल्या गेलेल्या बर्फावर असते, आणि काचेसारख्या गोठलेल्या बर्फावर तर साधारण सातवा हिस्सा उरते.

आता ताशी 40 किलोमीटर वेग धरा. आपल्याकडे हा वेग म्हणजे काहीच नाही. या वेगात ब्रेक लागल्यापासून गाडी कोरड्या डांबरावर साधारण 9 मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर तिला 31 मीटर लागतात. गोठलेल्या गुळगुळीत बर्फावर 63 मीटर. एसटीची लांबी 11 मीटर धरली, तर कोरड्या रस्त्यावर एका एसटीच्या आत थांबणारी गाडी बर्फावर तीन एसट्या आणि काचबर्फावर जवळजवळ सहा एसट्या ओलांडून थांबते. ड्रायव्हरच्या डोक्यात धोका शिरून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, त्यात गाडी आणखी 11 मीटर पुढे गेलेली असते. ते वेगळेच.

या हिशेबाची दुसरी बाजू आशेची आहे. वेग निम्मा केला की थांबायचे अंतर निम्मे होत नाही, चौथा हिस्सा होते. ताशी 20 च्या वेगात त्याच काचबर्फावर गाडी 16 मीटरच्या आत थांबते. म्हणून बर्फातला पहिला आणि शेवटचा उपाय एकच, वेग कमी. इंग्लंडच्या सरकारी वाहतूक नियमपुस्तकातही बर्फाळ रस्त्यावर थांबण्याचे अंतर दहापटीपर्यंत वाढू शकते, असा इशारा दिलेला आहे. पुढच्या गाडीपासून आपण एरवी जेवढे अंतर ठेवतो, तेवढ्यावर बर्फात भागत नाही.

आधी आपली गाडी ओळखा

आपली गाडी साधी आहे. तिला चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा नाही. मग ताकद कोणत्या चाकांना जाते, हे ड्रायव्हरला ठाऊक हवे. अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, अर्टिगा यांसारख्या गाड्यांना पुढची चाके ओढतात. सुमो, बोलेरो, ओम्नी यांना मागची चाके ढकलतात. बर्फात टायरला जी साखळी बांधतात, ती ताकद जाणाऱ्या चाकांना बांधायची असते. पुढून ओढणाऱ्या गाडीला मागे साखळी बांधली तर गाडी जागची हलणार नाही. साखळी विकत किंवा भाड्याने घेतली तर ती निवांत जागी एकदा बांधून, सोडून पाहावी. बर्फ पडत असताना, बोटे बधिर झाल्यावर, अंधारात ती पहिल्यांदा बांधायला घेऊ नये. साखळी बांधून हळूच जायचे असते, आणि मोकळे डांबर लागले की ती काढायची असते. नाहीतर साखळीही तुटते आणि टायरही फाटतो.

टायरचे म्हणाल तर आपल्या देशात नक्षीची खोली 1.6 मिलिमीटर असली तरी कायद्याने चालते. बर्फाला ती पुरत नाही. किमान 4 मिलिमीटर तरी नक्षी असावी, असे जाणकार सांगतात. शिवाय आपल्या टायरचे रबर उन्हाळ्याच्या हिशेबाने केलेले असते. पारा 7 अंशांच्या खाली गेला की ते कडक होते आणि त्याची पकड सुटत जाते. थंड देशांत म्हणूनच हिवाळ्याचे टायर वेगळे असतात. त्यांच्यावर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचे चित्र असते. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च असे टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. जर्मनीतही रस्त्यावर बर्फ असताना त्यांच्याशिवाय गाडी चालवता येत नाही. तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलांनी या खर्चात काटकसर करू नये.

चार चाकांना ताकद देणाऱ्या जीपविषयीही एक गैरसमज आहे. अशी गाडी बर्फात निघते लवकर, चढते चांगली. पण थांबताना तिलाही चारच टायर असतात आणि खाली तोच बर्फ असतो. जोरात पुढे गेलेली जीप वळणावर दरीकडे सरकताना पाहिली की हा गैरसमज फिटतो.

आणखी एक गोष्ट खास आपल्या भागातल्या गाड्यांची. आपल्याकडे पुष्कळ गाड्यांच्या रेडिएटरमध्ये साधे पाणीच ओततात. जळकोटच्या उन्हात ते चालून जाते. पण पाणी गोठताना जवळपास 9 टक्के फुगते, आणि ते इंजिनात गोठले तर रेडिएटर फुटतो, इंजिनाच्या ब्लॉकला तडा जातो. मालकाचा लाखाचा खर्च होतो आणि बोल ड्रायव्हरला लागतो. म्हणून निघण्याआधीच कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे भरून घ्यावे. काचेवर फवारायच्या टाकीतले साधे पाणीही तिथे गोठते. बॅटरी जुनी असेल तर बदलावी, कारण कडाक्याच्या थंडीत तिची ताकद निम्म्यावर येते.

डिझेलचेही तसेच. साधे डिझेल फार थंडीत मेणासारखे घट्ट होऊ लागते आणि फिल्टर तुंबतो. लडाखमध्ये पूर्वी सकाळी टाकीखाली आगटी पेटवणे, डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे असले धोक्याचे उपाय होत. 2019 सालच्या नोव्हेंबरमध्ये इंडियन ऑइलने तिथे उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. तात्पर्य, थंड भागात गेल्यावर टाकी तिथल्या पंपावर भरावी.

पाय हलका, हात शांत

काळ्या रानातल्या चिखलात ज्याने गाडी काढली आहे, त्याला बर्फ निम्मा कळलेला असतो. मृगाच्या पहिल्या पावसानंतर शेताच्या वाटेवर चाक जागेवर फिरू लागले आणि आपण रेस वाढवली, की चाक आणखी खोल जाते. जुना ट्रॅक्टरवाला काय करतो? तो रेस वाढवत नाही. खाली उतरतो, चाकापुढची राड काढतो, तुराट्या नाहीतर दगड घालतो आणि हळूच गाडी काढतो. बर्फातही हेच. फावड्याने चाकापुढचा बर्फ काढावा, चाकाखाली वाळू, बारदान किंवा गाडीतले पायपुसणे घालावे, स्टेअरिंग सरळ ठेवावे आणि हलक्या क्लचवर गाडी काढावी. जागेवर फिरणारे चाक खालचा बर्फ वितळवते, ते पाणी पुन्हा गोठते आणि आपणच आपल्या चाकाखाली काच तयार करतो.

सपाटीवर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हलवावी. पहिल्यात चाकाला एकदम जोर मिळून ते घसरते. चढावर मध्येच थांबू नये. पुढची गाडी चढून जाईपर्यंत खाली थांबावे आणि मग एका संथ गतीने चढावे. उतारावर पहिला किंवा दुसरा गिअर आधीच टाकावा, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवते. न्यूट्रलमध्ये उतार उतरायची डिझेल वाचवणारी सवय आपल्याकडे फार आहे. बर्फात ती सवय जीव घेते.

वळणाच्या आत शिरण्यापूर्वीच वेग कमी करावा. वळणावर ब्रेक नाही, गिअर नाही, एकदम स्टेअरिंगही नाही. गाडी घसरलीच तर दोन्ही पाय शांतपणे उचलावेत, जिकडे जायचे तिकडे पाहावे आणि स्टेअरिंग हळूहळू तिकडेच वळवावे. दरीकडे पाहू नये, हात नजरेच्या मागे जातात. 2019 सालच्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे. ते असेल तर ब्रेकचे पेडल दाबून धरावे, पाय थरथरला तरी सोडू नये. जुन्या गाडीत ब्रेक थोडा-थोडा, सोडून-सोडून लावावा.

पुलावरचा रस्ता खालून-वरून वारा लागत असल्याने इतर रस्त्याच्या आधी गोठतो. सावलीतल्या वळणावर दुपारीही काचबर्फ टिकून असतो. तो काळ्या डांबरावर दिसत नाही, ओला रस्ता असल्यासारखा वाटतो. थंडीत रस्ता ओला दिसतो, पण पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडत नाही, तर समजावे की तो बर्फ आहे. रात्री गाडी उभी करताना हॅंडब्रेकच्या भरवशावर ठेवू नये, तो गोठून अडकतो. गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला दगड लावावा.

धूर दिसत नाही

आता सर्वांत महत्त्वाचे. बर्फात अडकलेल्या गाडीत माणूस फक्त थंडीने मरतो असे नाही.

2022 सालच्या 7 जानेवारीच्या रात्री पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या गावाजवळ हजारो सहलीच्या गाड्या बर्फात अडकल्या. बर्फ चार फुटांच्या आसपास साचला होता. सकाळपर्यंत किमान 22 माणसे गाड्यांमध्येच मरून पडलेली आढळली. त्यांत लहान मुले होती. काहींचा जीव थंडीने गेला, काहींचा सायलेन्सरच्या धुराने. बर्फात सायलेन्सरचे तोंड बुजते. आतली माणसे ऊब मिळावी म्हणून इंजिन आणि हीटर चालू ठेवतात. धूर बाहेर जायला वाट नसल्याने गाडीत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातली प्राणवायूची जागा तो बळकावतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही.

आपल्या आयाबायांना हे नवे नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपू नये, हे त्यांना पक्के माहीत आहे. बर्फात बुजलेली चालू गाडी म्हणजे तीच शेगडी.

2016 सालच्या जानेवारीत अमेरिकेतल्या न्यूजर्सी राज्यात पॅसेइक या गावी एक कुटुंब घराजवळच उभ्या गाडीत बसले होते. बाप गाडीभोवतीचा बर्फ फावड्याने काढत होता. आई आणि दोन लेकरे ऊब मिळावी म्हणून चालू गाडीत होती. सायलेन्सर बर्फात बुजलेला होता. बाप काही पावलांवर असताना आई आणि तान्हे बाळ गेले, नंतर मुलगीही गेली. परदेशात राहणाऱ्या आपल्या घरांतून हे वाचले जात असेल तर एवढे जरूर लक्षात ठेवावे, की आधी सायलेन्सर मोकळा करायचा आणि मगच इंजिन चालू करायचे.

अडकल्यावर तासातून दहा मिनिटेच इंजिन चालवावे. प्रत्येक वेळी आधी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढावा. वारा ज्या बाजूने येत नाही त्या बाजूची काच दोन बोटे उघडी ठेवावी. सगळ्यांनी एकदम झोपू नये, एकाने जागे राहावे. गाडी सोडून अंधारात पायी निघू नये. गाडी दुरून दिसते, बर्फात पडलेला माणूस दिसत नाही.

घरच्यांनी काय करावे

मुलगा थंड मुलखात गाडी घेऊन निघाला की घरातून डबा जातोच. त्याबरोबर आणखी काही जाऊ द्यावे. दोन जाड ब्लॅंकेटे, कानटोपी, लोकरीचे हातमोजे आणि पायमोजे, टॉर्च, फावडे, चार रिकामी बारदाने, पिशवीभर वाळू, टोचनाचा दोर, आगपेटी. खायला शेंगदाणे, गूळ, चटणी, कडक भाकरी. पाण्याच्या बाटल्या डिकीत न ठेवता आत ठेवाव्यात, म्हणजे गोठणार नाहीत. बर्फाळ भागात टाकी निम्म्याखाली उतरू देऊ नये, असे त्याला बजावावे. दारू प्याल्याने ऊब येते ही समजूत खोटी आहे. दारूने कातडी गरम वाटते, पण अंगातली उष्णता बाहेर जाते. आणि "कुठवर आलास, लवकर ये" असे फोन करून त्याच्यामागे घाई लावू नये.

नकाराचा हक्क

आता त्या तरुणाची गोष्ट. 27 डिसेंबर 2024 चा दिवस. मनालीत सकाळपासून आभाळ भरून आले होते. प्रवाशांना सोलंगला आणि पुढे रोहतांगखालच्या अटल बोगद्यापलीकडे जायचे होते. हा बोगदा 9.02 किलोमीटर लांब, 3 ऑक्टोबर 2020 रोजी सुरू झालेला. तो झाल्यापासून साध्या गाडीनेही पलीकडे जाता येते आणि म्हणूनच गर्दी वाढली आहे. आमच्या मुलाच्या गाडीला साखळी नव्हती आणि टायर घासलेले होते. तिथल्या एका ड्रायव्हरला त्याने विचारले. तो म्हणाला, "दुपारनंतर बर्फ येईल. गाडी खालीच राहू दे, यांना इथल्या जीपने पाठव."

मुलाने प्रवाशांना सांगितले, "साहेब, आपली गाडी पुढं जाणार नाही. जायचंच असेल तर इथली जीप करून देतो." प्रवासी चिडले. आम्ही पूर्ण पैसे दिलेत, म्हणाले. मालकाचा फोन आला. "पाहुणे नाराज झाले तर तुझा पगार कापीन." मुलगा म्हणाला, "कापा. पण गाडी नेत नाही."

त्या दिवशी बर्फ पडला. सोलंगला सुमारे एक हजार गाड्या आणि पाच हजार माणसे अडकली. कुलूच्या पोलिसांना रात्रीपर्यंत त्यांना सोडवत बसावे लागले. आमच्या मुलाचे प्रवासी त्या वेळी मनालीच्या हॉटेलात जेवत होते. मालकाने पैसे कापायचे ते कापलेच.

आम्ही त्याला एवढेच म्हणालो, "बाळा, तू चुकला नाहीस. गाडी कशी चालवायची ते पुष्कळांना येतं. कुठं थांबवायची ते तुला आलं."

ज्याच्या हातात स्टेअरिंग, त्याच्या हातात सर्वांचे जीव असतात. पण निर्णय मात्र मागे बसलेले आणि फोनवरचे घेतात. बर्फातल्या पुष्कळ अपघातांमागे हीच उलटी व्यवस्था असते, असे आमचे मत आहे. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायात दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तास कामाची मर्यादा घातली होती. सलग 20 तास गाडी चालवून मनालीला पोचलेला, झोप न झालेला मुलगा दुसऱ्या दिवशी बर्फात गाडी घालतो तेव्हा अशी मर्यादा कोणाच्या आठवणीत असते? आमच्या ड्रायव्हर बांधवांनी एकेकट्याने मालकाशी बोलण्यापेक्षा तालुक्यात एकत्र बसून चार गोष्टी ठरवून घ्याव्यात. थंड मुलखात जाणाऱ्या गाडीला चांगले टायर, साखळी आणि कूलंट मालकाने द्यावे. लांबच्या फेरीला दोन ड्रायव्हर असावेत. आणि हवामान बिघडले तर गाडी थांबवण्याचा शेवटचा शब्द ड्रायव्हरचा असावा, त्यासाठी त्याचा पैसा कापला जाऊ नये. फेरी ठरवतानाच हे कागदावर लिहून घ्यावे. तोंडी बोलणे मनालीला पोचेपर्यंत टिकत नाही.

आणि आपण स्वतः कधी सहलीला गेलो, मागच्या सीटवर बसलो, आणि पुढचा मुलगा "साहेब, आता पुढे नको" म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नये. त्याचे घरही आपल्यासारखेच आहे, आणि तिथे त्याची वाट पाहणारी माणसे आहेत.